मोजलेले पाणी आणि बुडालेली चित्रे

१

ज्ञानशाखांच्या सीमा ओलांडण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. त्या सीमा प्रत्यक्षात कुठे ओलांडल्या गेल्या याचा शोध मात्र क्वचितच घेतला जातो. विद्युत अभियांत्रिकी, परिसरविज्ञान आणि कॅनडाचे साहित्य ही तीन नावे एका दमात उच्चारली, तर एखाद्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमपत्रिकेत ती योगायोगाने शेजारी आली असावीत असेच कोणालाही वाटेल. बंगळूर शहराचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर या तिहींचे नाते इतके वरवरचे राहत नाही.

कावेरी नदीवर शिवनसमुद्र येथे १९०२ साली जलविद्युत्केंद्र सुरू झाले. तेथील वीज सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या तारांवरून प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली आणि १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. या योजनेचा प्रमुख शिल्पकार म्हैसूर संस्थानच्या सेवेत असलेला एक लष्करी अभियंता होता. त्याचे नाव अलँ जोली द लोत्बिनिएर. तो मूळचा कॅनडातील क्वेबेक प्रांताचा. त्याचे वडील आँरी-गुस्ताव्ह हे त्या प्रांताचे पंतप्रधान होते, आणि अरण्यांच्या रक्षणाचा कैवार घेणारे म्हणून ते ओळखले जात. १९०० साली स्थापन झालेल्या कॅनडाच्या वनसंघटनेचे ते पहिले अध्यक्ष. बाप झाडे राखण्याविषयी बोलत होता आणि मुलगा दूरदेशीच्या नद्या तारांत बांधत होता, असे हे एका घरातले चित्र आहे.

ज्या शहराला ही वीज मिळाली त्याच शहरात १९०९ साली भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. विद्युत तंत्रशास्त्राचा विभाग तिच्यात १९११ पासून, म्हणजे आरंभापासूनच होता. परिसरविज्ञानाचे केंद्र तिच्यात यायला १९८३ साल उजाडावे लागले. नदीपासून वीज करण्याची विद्या आणि त्या विजेपायी काय नाहीसे होते हे सांगणारी विद्या, या दोहोंत एकाच आवारात सत्तर वर्षांहून अधिक अंतर पडले. हे अंतर काळाचे आहे तसेच भाषेचेही आहे. आणि भाषेचे आहे म्हणूनच तो साहित्यसमीक्षेचा विषय होतो.

२

कॅनडाच्या साहित्यविचाराने हा प्रश्न कसा हाताळला हे प्रथम पाहू. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी १९६५ साली त्या देशाच्या साहित्येतिहासाला जोडलेल्या समारोपात असे प्रतिपादन केले, की कॅनडाच्या लेखकाला स्वतःच्या ओळखीपेक्षा आपण ज्या जागी उभे आहोत त्या जागेची ओळख अधिक अवघड वाटत आली आहे. अफाट, थंड, निर्मनुष्य भासणाऱ्या निसर्गासमोर माणसाने तटबंदी उभारावी आणि आत एकमेकांना धरून राहावे, या वृत्तीला त्यांनी गढीची मनोवृत्ती म्हटले. मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सर्व्हायव्हल’ या ग्रंथात त्याच धाग्याचा विस्तार केला. तगून राहणे हे कॅनडाच्या साहित्याचे मध्यवर्ती आशयसूत्र आहे असे सांगून त्यांनी बळी पडलेल्याच्या चार अवस्था कल्पिल्या. बळी असणेच नाकारणे, ते दैव म्हणून स्वीकारणे, ते स्वीकारूनही अटळ न मानणे, आणि अखेरीस बळीपण ओलांडणे, अशी ती मांडणी आहे.

त्याच वर्षी त्यांची ‘सर्फेसिंग’ ही कादंबरी आली. अ‍ॅटवुड यांचे वडील अरण्यातील कीटकांचे शास्त्रज्ञ होते आणि लेखिकेचे बालपण बरेचसे उत्तर क्वेबेकच्या रानात गेले. कादंबरीतील निनावी निवेदिका बेपत्ता झालेल्या वडिलांच्या शोधात त्याच प्रदेशातील एका सरोवरावर परतते. वीज कंपनीने बांध घालून या सरोवराची पातळी पूर्वीच वाढवलेली आहे. कड्यावर आदिवासींनी रेखाटलेली प्राचीन चित्रे होती, वडील त्यांच्या नकला करीत असत. ती चित्रे आता पाण्याखाली असली पाहिजेत हे ध्यानात आल्यावर निवेदिका सरोवरात बुडी मारते. तिला तेथे चित्रे सापडत नाहीत, मृत्यूचे दर्शन घडते, आणि तिच्या स्मृतीचे बांध फुटतात.

या कादंबरीत वीज हा विषय नाही. विजेविषयी त्यात एकही व्याख्यान नाही. तरीही पाण्याची वाढलेली पातळी ही एका बाजूने अभियंत्याची नोंद, दुसऱ्या बाजूने किनाऱ्यावरच्या मेलेल्या झाडांची कहाणी आणि तिसऱ्या बाजूने एका बाईच्या मनाची अवस्था होते. हे घडत असताना क्वेबेकमध्ये जेम्स उपसागराच्या परिसरातील नद्यांवरील प्रचंड जलविद्युत्प्रकल्पाची घोषणा झालेली होती, ती १९७१ साली. क्री आणि इन्युइट लोकांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि १९७५ साली करार झाला. कादंबरी त्या प्रकल्पाविषयी नाही. परंतु त्या प्रश्नाला सामोरे जाण्याची भाषा त्या देशाच्या साहित्यात तोवर तयार झाली होती, इतके निश्चित म्हणता येते.

३

आपल्याकडे काय झाले? वस्तुतः विजेसाठी बुडणाऱ्या जमिनीचा प्रश्न महाराष्ट्राने कॅनडाच्या कितीतरी आधी विचारला होता. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळा-निळा संगमावर धरण बांधायला घेतले, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी मुळशीचा सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. स्वातंत्र्यानंतर कोयनेचे धरण आले. १९६२ पासून तेथे वीजनिर्मिती होऊ लागली आणि खोऱ्यातील गावे शिवसागर जलाशयाखाली गेली. मराठी साहित्याने या घटनांची दखल घेतली नाही असे नाही. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ ही कादंबरी धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची परवड विस्ताराने सांगते, आणि १९९२ साली तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. मात्र ‘झाडाझडती’चे बळ माणसांच्या व्यवहारात, कचेरीच्या कागदांत, फसवणुकीच्या तपशिलात आहे. नदी तेथे बुडवणारे पाणी म्हणून येते. तिचे स्वतःचे जीवन कादंबरीच्या कक्षेत येत नाही. दुसऱ्या टोकाला दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आणि व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ आहे. तेथे झाड आणि वानर यांना त्यांचे पूर्ण अस्तित्व मिळते. धरण, सरकार आणि बाजार या कक्षेबाहेर राहतात. माणसाचा अन्याय एका पुस्तकात आणि निसर्गाचे निरीक्षण दुसऱ्या पुस्तकात, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी मोडणारे लेखन भारतात झाले, पण ते कादंबरीत झाले नाही आणि मराठीतही झाले नाही. ते बंगळूरच्या विज्ञान संस्थेत, इंग्रजीत आणि शास्त्रीय निबंधांच्या रूपात झाले. ज्या माणसाने ते केले तो पुण्याचा होता. माधव गाडगीळ यांच्या लेखनाकडे आपण वैज्ञानिकाचे कार्य म्हणून आदराने पाहतो आणि तेथेच थांबतो. ते गद्य म्हणून वाचण्याची गरज आपल्या समीक्षेला भासली नाही. प्रस्तुत लेखाचा आग्रह एवढाच आहे, की ते तसे वाचले पाहिजे आणि साहित्यकृतीला लावतो तेवढ्याच कसोशीने वाचले पाहिजे.

४

गाडगीळांचा जन्म १९४२ सालचा. वडील धनंजयराव गाडगीळ हे गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक आणि पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. लोत्बिनिएर घराण्यातील विभागणी येथे उलटी झालेली दिसते; बाप नियोजनकार, मुलगा अरण्याचा अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठात गणिती परिसरविज्ञानात डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि १९७३ साली बंगळूरला गेले. या काळातील त्यांच्या दोन अभ्यासांकडे येथे लक्ष वेधायचे आहे.

पहिला अभ्यास वा. द. वर्तक यांच्यासमवेत केलेला, सह्याद्रीतील देवरायांचा. देवाच्या नावाने राखलेल्या या रानांचा उल्लेख तोवर लोकश्रद्धेच्या प्रकरणात होई. या दोघांनी देवराईकडे गावाने आपल्या पाण्यासाठी, सावलीसाठी, औषधासाठी स्वतःहून केलेली व्यवस्था म्हणून पाहिले. श्रीवर्धनकडील गाणी या गावच्या लोकांना आपली देवराई वाचवायची होती, कारण गावचा ओहोळ तिच्यातून येत होता. श्रद्धेमागे निरीक्षण असू शकते, हे मान्य करणारी ही दृष्टी आहे. फ्राय यांच्या गढीशी ही देवराई ताडून पाहावी. गढीत माणूस आत आणि रान बाहेर. देवराईत रान गावाच्या आत आहे आणि तेथे माणसाने हात आखडता घेतला आहे. कॅनडाच्या साहित्यविचारातून उचललेली स्थळाची संकल्पना आपल्याकडे जशीच्या तशी का लागू पडत नाही, याचे उत्तर या एका फरकात आहे.

दुसरा अभ्यास कारवार जिल्ह्यातील बांबूचा. दांडेलीच्या कागद कारखान्याला सरकारी रानातील बांबू टनामागे दीड रुपया अशा नाममात्र दराने मिळत होता. बांबू संपत चालल्याची ओरड टोपल्या विणणाऱ्या बुरुडांनी केली. ऱ्हासाचे कारण म्हणून गावकऱ्यांच्या गुरांकडे बोट दाखवले जात होते. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी रानात जाऊन बेटे मोजू लागले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आणून दिली. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचे जाळे असते. बांबू भरभर तोडता यावा म्हणून कारखान्याची माणसे ते साफ करीत. गावकरी ते काढीत नसत. काटे गेले की जमिनीतून वर येणारे कोवळे कोंब उघडे पडत आणि गुरे, वानरे व रानातली जनावरे ते खाऊन टाकत. मोजणीने हे म्हणणे खरे ठरले.

या अभ्यासाचे साहित्यिक मूल्य कशात आहे? उत्तर कन्नडच्या खेडुताचे एक विधान येथे पुरावा म्हणून उभे राहते. त्याच्यावर दया दाखवलेली नाही, त्याला ज्ञानी म्हणून मखरात बसवलेले नाही. त्याचे म्हणणे तपासले गेले आहे. एखाद्याचे म्हणणे तपासण्याइतके गंभीरपणे घेणे हा त्याचा खरा सन्मान होय. आपल्या ग्रामीण साहित्याने खेडुताचे दुःख, विनोद आणि बोली यांना स्थान दिले. परंतु जगाविषयीचे त्याचे विधान खरे की खोटे हा प्रश्न फार थोड्या कथांतून विचारला गेला.

५

एवढे श्रेय दिल्यावर मर्यादांकडेही वळले पाहिजे. कैलाश मल्होत्रा यांच्यासमवेत गाडगीळांनी महाराष्ट्रातील भटक्या समाजांचा अभ्यास केला. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, घोरपड आणि साळिंदर यांची शिकार करतात, वैदू सापळे लावून मुंगूस-उदमांजरासारखे प्राणी पकडतात, फासेपारधी फास टाकून हरणे आणि तित्तिर-लाव्यांसारखे पक्षी धरतात. एकाच मुलखात राहून ते एकमेकांच्या वाट्याला जात नाहीत. या निरीक्षणातून, एकाच रानातील निरनिराळ्या प्राणिजाती जशा आपापल्या जीवनस्थानी राहतात तसे या जातींनी निसर्गाचे साधन वाटून घेतले आहे, असा सिद्धान्त १९८३ साली मांडला गेला. निरीक्षण मोलाचे आहे. प्रश्न रूपकाचा आहे.

जीवनस्थान हा शब्द प्राण्यांविषयी वापरताना त्यात कोणाचा अपमान नसतो. माणसांच्या जातीला तो लावताच त्यातून सत्ता गळून पडते. फासेपारध्याचे स्थान तित्तिरांनी ठरवले तितकेच ते गुन्हेगार जमातींच्या कायद्याने आणि पोलिसांच्या नोंदवहीनेही ठरवले. उदमांजराला आपले स्थान नकोसे होत नाही, माणसाला होते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. टोपल्या विणत गावोगाव हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबातील मुलाचे ते आत्मकथन आहे. तेथे विणकाम हे निसर्गाशी साधलेले जुळवून घेणे म्हणून येत नाही, तर ज्या आयुष्यातून सुटायचे आहे त्या आयुष्याची खूण म्हणून येते. बांबूच्या अभ्यासातील बुरूड आणि ‘उपरा’तील कैकाडी यांना शेजारी बसवून वाचणे हे मराठी समीक्षेचे काम आहे. परिसरविज्ञान विचारते, टोपलीसाठी लागणारा माल टिकेल कसा? आत्मकथन विचारते, माझ्या मुलाने टोपलीच का विणावी? पहिला प्रश्न दुसऱ्याने रद्द होत नाही, पण दुसरा ऐकल्याशिवाय पहिला पुरा होत नाही.

गाडगीळांच्या पुढील लेखनात ही उणीव काही अंशी भरून निघाली. रामचंद्र गुहा यांच्याबरोबर त्यांनी १९९२ साली भारताचा परिसरीय इतिहास लिहिला आणि १९९५ साली परिसर व समता यांवरील ग्रंथ. या दुसऱ्या ग्रंथात भारतीय समाजाची तीन गटांत मांडणी आहे. आपल्या परिसरावरच जगणारे लोक, दूरदूरची साधने ओढून घेणारे सर्वभक्षी आणि परिसर उद्ध्वस्त झाल्याने शहराच्या कडेला फेकले गेलेले निर्वासित. येथे सत्तेचा विचार स्पष्टपणे आला. या तीन संज्ञा समाजशास्त्राच्या वर्गवारीपेक्षा नाटकातील पात्रांच्या अधिक जवळच्या आहेत. त्यांची लोकप्रियता त्यामुळे आहे आणि त्यांचा सैलपणाही.

६

विजेच्या बाजूनेही याच संस्थेत एक प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख केल्याशिवाय हे चित्र एकांगी राहील. अमूल्य रेड्डी हे मूळचे विद्युत्-रसायनशास्त्रज्ञ. १९७४ साली त्यांनी विज्ञान संस्थेत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान घडवणारा ‘अस्त्र’ हा उपक्रम सुरू केला. तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत ऊर्जा कोठून येते आणि कशासाठी खर्च होते याची मोजदाद करताना त्यांना दिसले, की तेथील ऊर्जेचा मोठा वाटा चुलीतील सरपणाचा आहे आणि ते गोळा करण्याचे कष्ट बायका व मुले करतात. वीजमंडळाच्या हिशेबात त्या कष्टांना जागाच नव्हती. किती मेगावॅट हवेत, या प्रश्नाआधी कोणाला कशासाठी हवेत हे विचारा, असे त्यांनी अभियंत्यांच्याच भाषेत, अभियंत्यांच्याच आकड्यांनी सांगितले. कर्नाटकाच्या वीजप्रकल्पांच्या दीर्घकालीन आराखड्याला त्यांनी दिलेले उत्तर याच पद्धतीचे होते.

एककाची निवड ही तटस्थ गोष्ट नसते, हे येथे दिसते. बेडती नदीवरील जलविद्युत्प्रकल्पाच्या वेळी हाच मुद्दा उघडपणे पुढे आला. १९८१ साली शिरसी येथे बागायतदारांच्या सहकारी संस्थेने शास्त्रज्ञ आणि शेतकरी यांना एकत्र बसवले. सुपारी-वेलदोड्याच्या बागा आणि त्यांना हिरवा पाला पुरवणारी भोवतालची राने यांची किंमत प्रकल्पाच्या हिशेबात नीट धरलेली नाही, हे तेथे आकडे मांडून दाखवले गेले. पुढे तो प्रकल्प मागे पडला. मुळशीत जे सत्याग्रहाच्या भाषेत बोलले गेले होते, ते साठ वर्षांनी शिरसीत जमाखर्चाच्या भाषेत बोलले गेले. मिळकत मोठी आहे. हानीही पाहिली पाहिजे. जमाखर्चात जे बसत नाही ते वाचवण्याचा मार्ग त्या भाषेत उरत नाही. ‘सर्फेसिंग’मधील पाण्याखालच्या चित्रांना कोणत्या रकान्यात लिहायचे?

७

साहित्य आणि शास्त्र यांनी एकमेकांची भाषा उसनी घ्यावी, असा याचा अर्थ नव्हे. गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ साली दिलेल्या अहवालात अतिरप्पिळ्ळी आणि गुंड्या या दोन जलविद्युत्प्रकल्पांना परवानगी देऊ नये अशी शिफारस केली. त्याच अहवालात कालिदासाच्या कल्पनेतील सह्यपर्वतरूपी युवतीचेही स्मरण केलेले आहे. २०२३ साली आलेल्या त्यांच्या मराठी आत्मचरित्राचे नाव ‘सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी’ असे आहे. डोंगर म्हणजे स्त्री आणि अभ्यासक म्हणजे प्रियकर, ही प्रतिमा आपल्या काव्यपरंपरेतील अत्यंत झिजलेली प्रतिमा होय. अ‍ॅटवुड यांनी ‘सर्व्हायव्हल’मध्ये भूमी आणि स्त्री यांना जोडणाऱ्या साच्यांची चिकित्सा एका स्वतंत्र प्रकरणात केली आहे, आपल्या निसर्गलेखनाला तशी चिकित्सा लाभलेली नाही. गाडगीळ जेव्हा काव्यमय होऊ पाहतात तेव्हा त्यांचे गद्य परक्याच्या अंगरख्यात अवघडते. ते जेव्हा बांबूच्या बुडाशी असलेल्या काट्यांविषयी लिहितात, तेव्हा त्यांना उपमेची गरज पडत नाही. काटा हा तेथे काटाच असतो, आणि त्याच्यामागे कारखाना, सरकार, गुरे व गावकरी हा सारा पट आपोआप उलगडतो. अ‍ॅटवुड यांच्या कादंबरीतील पाण्याची पातळी हेच काम करते. दोन्ही ठिकाणी अर्थ वस्तूवर लादलेला नाही. वस्तूकडे पुरेसा वेळ पाहिल्याने तो तेथे सापडला आहे.

अखेरीस भाषेचा प्रश्न राहतो. पश्चिम घाटाच्या अहवालाविषयी गाडगीळांचा आग्रह होता, की तो मराठी, कन्नड, मल्याळम अशा भाषांत ग्रामसभांपर्यंत जावा आणि गावांनी त्यावर आपले मत द्यावे. ज्यांच्या डोंगराविषयी तो लिहिला होता त्यांच्या भाषेत तो नसेल, तर त्यातील लोकसहभाग हा शब्द पोकळ ठरतो. त्यांनी स्वतः आयुष्यभर मराठीत स्तंभ लिहिले, ‘वारूळ पुराण’ आणि ‘उत्क्रांती : एक महानाट्य’ यांसारखी पुस्तके लिहिली. परंतु देवराईचा निबंध, बांबूचा अभ्यास, भटक्या शिकाऱ्यांविषयीचा वादग्रस्त सिद्धान्त हे ज्या माणसांविषयी आहेत, त्यांच्या नातवंडांना ते मूळ रूपात सहज वाचता येणार नाहीत. आणि म्हणून त्यांच्याशी भांडताही येणार नाही. पारध्याच्या शिकलेल्या मुलीला आपल्या आजोबाचे ‘जीवनस्थान’ नाकारायचे असेल, तर ते वाक्य तिच्या भाषेत तिच्यासमोर आले पाहिजे.

कॅनडाच्या लेखकांना आपण कोठे आहोत हे कळत नव्हते, म्हणून त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. आपल्याकडील बागायतदाराला, बुरुडाला, मावळ्याला आपण कोठे आहोत हे नीट ठाऊक होते. ते त्यांच्याकडून ऐकून लिहून घेणारे फार उशिरा आले आणि ज्यांनी लिहून घेतले ते साहित्याच्या दालनाबाहेर बसले होते. त्यांना आत बोलावणे, त्यांच्या वाक्यांचे मोल ठरवणे आणि जेथे त्यांची रूपके माणसावर अन्याय करतात तेथे त्यांना अडवणे, हे मराठी समीक्षेने आता आपले काम मानावे.